कौरव शंभर, सुरवंट दीडशे

सकाळी साडेआठची वेळ. पुण्यातल्या एका सोसायटीचा तिसरा मजला, सहा बाय चारची गॅलरी आणि तीत लुंगीवर उभा असलेला पन्नाशीचा एक गृहस्थ. त्याच्या डाव्या हातात कालवलेल्या हळदीची वाटी आहे, उजव्या हातात कान कोरायची काडी आहे आणि तो एका वेलीच्या पानांना मागच्या बाजूने पिवळे ठिपके देतो आहे. समोरच्या इमारतीतल्या आजी हे दृश्य तीन दिवस पाहत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी वॉचमनला पाठवलं.

“आजी विचारतायत, घरात कुणाला बाधाबिधा झालीय का?”

बाधा झाली होती, पण ती वेलीची. हळदीवाला गृहस्थ म्हणजे प्रस्तुत लेखक, आणि ते ठिपके म्हणजे अमेरिकेतल्या एका विद्यापीठात झालेल्या संशोधनाचा पुणेरी अवतार. मात्र या सगळ्या भानगडीत एक बांबूचा मांडव गेला, खालच्या मजल्यावरच्या अण्णांचा पांढरा शर्ट गेला आणि सोसायटीत लेखकाची जी काही थोडीफार पत होती तीही गेली. त्यामुळे सुरुवातीपासून सांगणं भाग आहे.

लेखकाच्या आईला देवाला वाहायला कृष्णकमळ हवं होतं. तिच्या माहेरच्या वाड्यात होतं म्हणे. माहेरच्या वाड्यात काय नव्हतं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. लेखक रोपवाटिकेत गेला.

“कृष्णकमळ आहे?”

“आहे की.”

“जांभळं?”

“जांभळं.”

“वास येतो?”

“घरभर.”

“फळंबिळं धरतात का?”

“धरतात की!”

या माणसाने एकाही प्रश्नाला ‘नाही’ म्हटलेलं नाही, हे तिथल्या तिथे लक्षात यायला हवं होतं. ‘दूध देते का’ असं विचारलं असतं तरी त्याने ‘दोन्ही वेळेला’ म्हणून सांगितलं असतं. लेखक मात्र रोप मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आला आणि सोबत बांबू, सुतळी आणि आत्मविश्वास घेऊन आला.

पहिले दोन महिने वेलीने फक्त हात पसरले. या वेलींचे ताणे हे भलतंच प्रकरण असतं. चार्ल्स डार्विनने १८६५ साली चढणाऱ्या वनस्पतींवर एक मोठा प्रबंध लिहिला, त्यासाठी तो ताण्यांना हलकेच स्पर्श करून घड्याळ लावून बसत असे. याच कुळातल्या एका वेलीचा ताणा स्पर्श झाल्यापासून साधारण अर्ध्या मिनिटात वाकायला लागतो, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. लेखकाच्या वेलीला डार्विनचीही गरज नव्हती. तिने मांडवाकडे ढुंकून पाहिलं नाही. तिने आधी कपड्यांची दोरी धरली, मग डिशची वायर धरली आणि एका शनिवारी, धुणं वाळत घालून बायको आतून चहा घेऊन येईपर्यंत, वाळत घातलेल्या साडीचा पदर धरला. वस्त्रहरणाची ही सुरुवात आहे, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पहिलं फूल आलं ते पांढरं. मध्ये जांभळी झालर, बाकी पांढरं. आईने चष्मा पुसून पाहिलं. “हे कृष्णकमळ नव्हे. कृष्ण इतका गोरा कधी होता?”

पण आत हिशोब बरोबर होता. पाच पुंकेसर म्हणजे पांडव, वरच्या तीन कुक्षी म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश आणि भोवतीचे तंतू म्हणजे शंभर कौरव. मराठी घरात ज्यांच्या दारी ही वेल आहे त्यांना हे पाठ असतं. लेखकाने मात्र तंतू मोजायचा आगाऊपणा केला. सुई घेऊन, एकेक बाजूला सारत. शंभर काही भरेनात. एका फुलात जास्त भरले, दुसऱ्यात त्याहून वेगळे. दुःशला आणि युयुत्सू धरले तरी ताळमेळ लागेना.

“तू मध्येच जांभई दिलीस,” आई म्हणाली. “परत मोज.”

तेवढ्यात लेखकाचा भाचा आला. हा प्राणिशास्त्र शिकतो आणि रविवारी सकाळी मामीच्या हातचे पोहे खाऊन घरातल्या श्रद्धांना सुरुंग लावतो. त्याने सांगितलं की ही वेल पॅशन फ्रूटची आहे, पण कृष्णकमळ तिचं सख्खं भावंडच. दोघांचं गोत्र ‘पॅसिफ्लोरा’, त्यात पाचशेहून अधिक जाती, आणि बहुतेक सगळ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या. म्हणजे कोलंबसाच्या आधी हे फूल इकडे कुणी पाहिलेलं असण्याची शक्यता नाही, मग कौरव-पांडवांची गोष्ट कुठली? तिकडे स्पॅनिश धर्मगुरूंनी याच फुलात ख्रिस्ताचा शेवटचा प्रसंग पाहिला होता: झालर म्हणजे काटेरी मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे. दहा पाकळ्या म्हणजे दहा शिष्य; बारांतला एक फितूर झाला आणि एकाने ओळख नाकारली, म्हणून ते दोघे वजा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रोममधल्या जाकोमो बोसिओ नावाच्या लेखकाने मेक्सिकोहून आलेली चित्रं पाहून या फुलाबद्दल लिहिलं आणि फूल युरोपभर गाजलं.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. “अर्जुनाची उलूपी कुठली?”

“नागलोकातली.”

“म्हणजे पाताळातली. आणि पाताळ म्हणजे कुठे?”

भाचा गप्प.

“अमेरिका,” आई म्हणाली. “रोप तिनेच आणलं असणार. सुना आणतात माहेरून.”

नावाचाही एक घोळ झाला. ‘पॅशन’ या शब्दावरून खालचे अण्णा जिन्यात भेटले की “काय, या वयात पॅशन?” म्हणून डोळे मिचकावत. हे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. विनोद एकच, पण वर्षभर पुरवतात. भाच्याने खुलासा केला की यातलं पॅशन म्हणजे प्रेमबिम नव्हे, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ यातना. लेखकाने ते तेव्हा हसण्यावारी नेलं.

आता फूल आलं म्हणजे फळ येणार, असा साधा हिशोब. पण पॅशन फ्रूटमध्ये दोन घराणी आहेत. जांभळ्या फळाच्या वेलीची फुलं पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात. तिचं स्वतःच्या परागकणांवर भागतं. पिवळ्या फळाच्या वेलीचं फूल दुपारी बाराच्या सुमाराला उमलतं, रात्री नऊ-दहाला मिटतं, आणि तिला स्वतःचे पराग चालत नाहीत. एकाच वेलीवरची फुलं एकमेकांना सगोत्र! दुसऱ्या घरचं स्थळ आणावं लागतं. रोपवाटिकावाल्याने ‘जांभळं?’ या प्रश्नाला मान डोलावून पिवळं दिलं होतं, हे सांगायला नकोच. शिवाय हे पराग जड आणि चिकट, वाऱ्याने उडून जाण्यातले नव्हेत. मधमाश्या येत, पण त्या अंगाने लहान. पुंकेसरांच्या खालून सरपटत जाऊन कुक्षीला धक्काही न लावता पराग लुटून नेत. लग्नाला यायचं, जेवायचं आणि आहेर न करता जायचं, तसला प्रकार.

तीन इमारती सोडून एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या घरी अशीच वेल होती. लेखकाने रंगाचा ब्रश घेतला आणि तो स्थळ पाहायला निघाला. फूल बाराला उमलतं, मग तासाभरात त्याच्या तिन्ही कुक्षी लाजल्यासारख्या खाली वाकतात, तेव्हाची वेळ उत्तम. म्हणजे दुपारी दोन. पुण्यात दुपारी दोन वाजता अनोळखी दाराची बेल वाजवण्यापेक्षा सीमेवर जाणं बरं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचा संवाद मिटल्या डोळ्यांनी वाचावा.

“कोण आहे?”

“मॅडम, परागकण हवे होते. थोडेसे.”

“आमच्याकडे कुणी तसलं काही घेत नाही.”

“तुमच्या वेलीचे.”

दार साखळीइतकं उघडलं. फटीतून एक डोळा दिसला. “वेळ काय झालीय?”

“फूल आत्ताच उमलतं, मॅडम.”

“मग त्याला सांगा, चारनंतर उमल.”

चौथ्या खेपेला त्यांना दया आली. लेखक पराग लागलेला ब्रश उदबत्तीसारखा धरून भर रस्त्यातून घरी आला. घरून काम करायचा दिवस होता, त्यामुळे हा विवाहसोहळा ऑफिसच्या व्हिडिओ बैठकीच्या मधोमध पार पडला. कॅमेरा बंद करायचा राहिला होता. “तुम्ही मागे काय करताय?” असं साहेबांनी विचारल्यावर लेखकाने प्रसंगावधान राखून “पाठपुरावा” असं उत्तर दिलं.

मग भुंगे आले, आणि ब्रश ठेवून द्यावा लागला.

काळाकुळकुळीत, निळसर झाक असलेल्या पंखांचा, अंगठ्याएवढा भुंगा हाच या फुलाचा खरा भटजी. तो फुलात घुसला की वरचे पुंकेसर त्याच्या पाठीवर टेकतात आणि तीच पाठ पुढच्या फुलाच्या कुक्षीला घासते. जणू दोघांच्या मापाचं एकत्र शिवलंय. लेखक हरखला. पण भुंगा फुलाला आला आणि मांडवाला राहिला. मादी बांबूला गोल भोक पाडते, गिरमिटाने पाडल्यासारखं नेमकं गोल, आणि आत खोल्या करून अंडी घालते. लाकूड ती खात नाही, नुसती कोरते; भुसा खाली टाकते. खाली म्हणजे अण्णांच्या पापडांवर.

“वर सुतारकाम काढलंय का?” अण्णांनी ओरडून विचारलं.

“हो. म्हणजे सुतार आमचे नाहीत.”

“मग कुणाचे आहेत?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. भाचा मात्र खूश होता. “मामा, ब्राझीलमध्ये शेतकरी यांच्यासाठी बागेत मुद्दाम लाकडी घरटी ठेवतात.”

“ब्राझीलमध्ये खाली अण्णा राहत नाहीत.”

नर भुंगा तर आणखी नाटकी. तो घरटं राखतो आणि जो कोणी जवळ येईल त्याच्या तोंडासमोर येऊन गुरगुरत तरंगतो. नराला नांगी नसते; सगळा आव. पण समोरचा नर आहे की मादी, हे त्याला विचारणार कोण? महिनाभर बायको हेल्मेट घालून कपडे वाळत घालत होती. ज्ञानेश्वरीत पहिल्याच अध्यायात भ्रमराचा दृष्टांत आहे: कठीण लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. लेखकाने तीनशे दिवस वाट पाहिली, एकही भुंगा कळीत अडकला नाही. सगळे बांबूत. गुरूची झोपमोड होऊ नये म्हणून मांडी पोखरून घेणाऱ्या कर्णाची आठवण आईने करून दिली.

“आई, मी कर्ण नाही.”

“ते दिसतंच आहे. तो काही मागणाऱ्याला दुपारी दोनलासुद्धा नाही म्हणत नसे.”

मुंगळ्यांचं प्रकरण थोडक्यात. पानाच्या देठावर दोन बारीक फुगवटे दिसले. लेखकाने ते रोग समजून नखाने खरवडून काढले. चाळीस पानांचे काढल्यावर कळलं की त्या मधाच्या ग्रंथी आहेत. वेल मुंगळ्यांना तिथे गोड रस पाजते आणि त्या बदल्यात मुंगळ्यांनी अळ्या-अंडी हुसकावून लावायची, असा करार असतो. लेखकाने वेलीच्या पहारेकऱ्यांचा पगार कापला होता. उरलेल्या पानांवरचे पहारेकरीही काही सरळ नव्हते; त्यांनी देठांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण पाळले होते आणि ते त्यांच्याकडूनही गोड रस वसूल करत होते. राखण वेलीची, हप्ता ढेकणांचा. खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या अण्णांना या एकाच गोष्टीत काही वावगं वाटलं नाही.

आता मुख्य पाहुणी.

पावसाळ्यानंतरच्या एका सकाळी नारिंगी रंगाचं, काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू संथपणे गॅलरीत आलं. इंग्रजीत टॉनी कॉस्टर. मराठीत कृष्णकमलिनी असं भारदस्त नाव. उडणं असं की जणू कसलीच घाई नाही. लेखकाने तिचे ६४ फोटो काढले आणि घराण्याच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘आमच्याकडे पाहुणी आली’ म्हणून टाकले. बदलापूरहून हात जोडलेले आले, नागपूरहून फुलांचा गुच्छ आला. भाच्याने लिहिलं, “मामा, पाहुणी नाही. बाळंतपणाला आलीय.”

बाळंतपण झालं. पानाखाली पिवळ्या अंड्यांची साठ-सत्तरची वसाहत. पोरं आजोळी टाकून बाई निघून गेली. मग दुसरी आली, तिसरी आली. या घरी सोय चांगली आहे, अशी बातमी माहेरवाशिणींत पसरायला वेळ लागत नाही.

आठवड्याभरात तांबूस रंगाचे, अंगावर काळे फाटेफुटे काटे असलेले सुरवंट झाले. लेखकाने मोजले. तंतूंच्या वेळी झालेली नाचक्की भरून काढायची म्हणून दोनदा मोजले: दीडशे. हे काटे दिसतात भयंकर, पण टोचत नाहीत. खाणं मात्र दिसतं तसंच. पंक्तीला बसावं तसे ते एका पानाला ओळीने लागत आणि शिरा ठेवून उठत. वाढपी नाही, आग्रह नाही, ताटात काही टाकणं नाही. बोटांएवढे होईपर्यंत अर्धी वेल संपली.

“काढ ते किडे,” लेखकाची आई म्हणाली.

“फुलपाखरं आहेत ती, आजी,” लेखकाची कन्या म्हणाली.

“फुलपाखरं झाली की राहू दे. आत्ता काढ.”

या वाक्यात काहीतरी चुकतंय, हे सगळ्यांना जाणवलं, पण सगळ्यांना ते पटलंही.

पक्षी खातील म्हणून लेखक आशेने बसला. बुलबुल आले. त्यांनी मान तिरकी करून सुरवंटांकडे पाहिलं, वसतिगृहातल्या पोरांनी रविवारच्या आमटीकडे पाहावं तसं, आणि ते उडून गेले. कारण भाच्याकडे तयार होतं. या वेलींच्या पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. इतरांना ती बाधतात. या सुरवंटांना मानवतात, आणि ते स्वतःही विषारी होऊन बसतात. म्हणून फुलपाखरूही संथ उडतं. त्याला कुणाची भीती नाही. बायकोने यातला एकच शब्द ऐकला.

“गॅलरीत सायनाइड?”

“पानात. किंचित. पिकल्या फळाला काही होत नाही.”

ही बातमी धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या मार्गाने तळमजल्यावर पोहोचेपर्यंत ‘किंचित’ हा शब्द दुसऱ्या मजल्यावरच गळून पडला.

विषारीपणाचा एक नमुना घरातही घडला. कन्येने एक फुलपाखरू चिमटीत धरलं. त्याने पिवळट, घाण वासाचा रस सोडला, पाय पोटाशी घेतले आणि मान टाकली. घरात सुतक आलं. कन्या रडली, आईने तुळशीखाली जागा करायला सांगितली, लेखकाने खुरपं आणलं. खड्डा खणून होताच मयत उठून उडून गेलं. हे त्यांचं नेहमीचंच नाटक. धोका वाटला की मेल्याचं सोंग. अंत्यविधीची तयारी झाल्यावर उठणारी मंडळी लेखकाने याआधी फक्त मराठी नाटकांत पाहिली होती.

आणि मग ते हळदीचे ठिपके.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हेलिकोनियस नावाची फुलपाखरं या वेलींवर अंडी घालतात. तिथल्या काही वेलींनी यावर युक्ती काढली: त्या पानांवर, ताण्यांवर पिवळे फुगवटे उगवतात, हुबेहूब अंड्यांसारखे. मादी येते, ‘इथे आधीच कुणीतरी घातलीत’ असं समजून पुढे जाते. टेक्सास विद्यापीठातल्या लॉरेन्स गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८१ साली प्रयोग करून दाखवलं की अंडी असलेली जागा मादी खरोखरच टाळते. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात तेच. फक्त इथे रुमाल सीटनेच स्वतःवर टाकून घेतलेला.

लेखकाला वाटलं, आपणही रुमाल टाकू. हळद कालवली, काडी घेतली, पानागणिक चार ठिपके दिले. तीन दिवस खपला. चौथ्या दिवशी समोरच्या आजींचा निरोप आला आणि त्याच दुपारी कृष्णकमलिनी आली. तिने हळदीच्या ठिपक्याशेजारीच नवी वसाहत केली. ही अमेरिकेतली नव्हे, इथली. तिला रुमालाची रीत ठाऊक नाही. हळद लावली म्हणजे बोलावणं आहे, असाच तिने अर्थ घेतला. आईला यात आश्चर्य वाटलं नाही. “सवाष्ण आहे, हळद लावल्यावर कशी जाईल?”

उपाय सांगणारे मात्र खूप. कुणी कडुनिंबाचं तेल सांगितलं, कुणी आंबट ताक आणि हिंग, कुणी तंबाखूचं पाणी. एका शेतकरी मित्राने दशपर्णी अर्क दिला: दहा प्रकारचा पाला, शेण, गोमूत्र, महिनाभर कुजवलेलं. शेतात उत्तम, सोसायटीच्या गॅलरीत फवारलं तेव्हा खाली अण्णांकडे सत्यनारायण होता. कथेतला साधुवाणी बुडत्या नौकेजवळ पोहोचला आणि गुरुजींनी पळीपात्र खाली ठेवून विचारलं, “यजमान, हा वास कशाचा?” त्या दिवशी लेखकाच्या घरी प्रसाद आला नाही. सुरवंट मेले थोडे. उरलेले अर्काच्या वासाने अंगात आल्यासारखे भराभर मोठे झाले.

मोठे झालेले सुरवंट कोष करायला चालत निघतात, आणि वेलीवरच करावा असा काही नियम नाही. पांढुरके, काळ्या रेघांचे आणि नारिंगी टिपक्यांचे कोष जिन्याच्या कठड्याला, मीटरच्या पेटीला, अण्णांच्या नावाच्या पाटीला आणि सोसायटीच्या सूचना फलकाला लटकले. कोषातून बाहेर आलेलं फुलपाखरू पंख वाळवताना पोटातला तांबूस द्रव टाकतं. एका सकाळी अण्णांच्या दोरीवरच्या पांढऱ्या शर्टावर असे चार थेंब सापडले. अण्णांनी शर्ट वर आणला.

“पान खाता?”

“शेवटचं १९९८ साली, एका लग्नात.”

“मग ही पिंक कुणाची?”

“फुलपाखराची.”

अण्णांनी लेखकाकडे असं पाहिलं की त्यापेक्षा पिंक कबूल केली असती तर बरं झालं असतं.

प्रकरण सभेत गेलं. विषय क्रमांक चार: ‘तिसऱ्या मजल्यावरील किडे, सायनाइड व थुंकणे.’ सभा पार्किंगमध्ये, बागेच्या कडेला. या बागेबद्दल सांगायला हवं. गेल्या वर्षी सोसायटीने ठराव करून तिचं ‘फुलपाखरू उद्यान’ असं नामकरण केलं होतं. मध्यभागी सिमेंटचं चार फुटी फुलपाखरू बसवलं, त्याला ब्लू मॉर्मनचे रंग दिले, कारण महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं आहे आणि असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. ब्लू मॉर्मनच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. बागेत लिंबाचं एक झाड होतं. अळ्या पडतात म्हणून ते उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात तोडलं. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे कीटकनाशक फवारतात. इतकं करूनही उद्यानात फुलपाखरं का येत नाहीत, हा विषय क्रमांक तीन होता.

चिटणिसांनी चौथा विषय वाचायला घेतला आणि कुणीतरी “अरे, ते बघा!” म्हणून ओरडलं. सूचना फलकावर, विषयपत्रिकेच्या अगदी वर लटकलेला कोष फुटत होता. आतून चुरगळलेलं ओलं काहीतरी बाहेर आलं, लटकलं आणि हळूहळू इस्त्री केल्यासारखं सरळ होत गेलं. तीस माणसं वीस मिनिटं गप्प उभी होती. सोसायटीच्या इतिहासात हे प्रथमच. तिसऱ्या विषयाचे प्रस्तावक फलकासमोर गुडघ्यावर बसून सेल्फी घेत होते. अण्णांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुढच्यांना “जरा खाली बसा” म्हणाले. फुलपाखराने जाताना विषयपत्रिकेवर एक तांबूस थेंब टाकला. अण्णांनी तो पाहिला. लेखकानेही पाहिला. दोघेही काही बोलले नाहीत, पण शर्टाचं प्रकरण तिथे मिटलं.

ठराव एकमताने झाला: ‘सभासदांच्या गॅलरीतील फुलपाखरांस हरकत नाही. अळ्यांस परवानगी नाही. अंमलबजावणी चिटणिसांनी पाहावी.’ चिटणीस अजून पाहत आहेत.

लेखकाचे साडू सिंगापूरला असतात. त्यांनी हे सगळं ऐकून फोनवर सांगितलं की हेच फुलपाखरू त्यांच्याकडेही दिसतं. खरंच आहे, भारत-श्रीलंकेकडचं हे फुलपाखरू पूर्वेकडे सरकत सरकत २००६ साली सिंगापूरला पोहोचलं आणि २०१२ साली ऑस्ट्रेलियाला. साडूंना तिथला कायम रहिवासाचा कागद मिळायला नऊ वर्षं लागली होती. त्यांच्या आवाजात किंचित कडवटपणा जाणवला.

वेल मेली नाही. ओरबाडली की ती नव्या जोमाने फुटते, फुटली की पंगत बसते, पंगत उठली की पुन्हा फुटते. भुंग्यांनी आपलं काम चोख केलं. कुठली वेल भुंग्याला सापडली कोण जाणे, पण बेल न वाजवता पराग आले. सहा फळं धरली. पॅशन फ्रूट पिकलं की आपण होऊन गळून पडतं आणि साल सुरकुतली की आत जास्त गोड होतं. दोन फळं अण्णांच्या पापडांवर पडली. ती त्यांनी परत केली नाहीत. दोन चांगली सुरकुतेपर्यंत लेखकाने फडताळात जपून ठेवली, ती आईने सडली म्हणून कचऱ्यात टाकली. उरलेल्या दोहोंचं सरबत झालं. पाच माणसांत पेलाभर. बायकोने चव घेऊन विचारलं, “एवढं सगळं यासाठी?” आणि ग्लास कन्येकडे न देता स्वतःच संपवला.

ज्यांना ही वेल लावायची असेल त्यांना फांद्या फुकट मिळतील. पान उलटून अंडी आहेत का ते पाहून न्याव्यात. असली तरी न्याव्यात. सगोत्र चालत नसल्याने दुसरी वेल वेगळ्या ठिकाणाहून आणावी लागेल, तोवर ब्रश उसना मिळेल. मांडव लोखंडी करावा. न्यायला सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी चारनंतर यावं. दुपारी दोन वाजता बेल वाजवू नये.